नव्वद हजारांचं घर

घरपट्टीच्या कचेरीत, तक्रारीच्या रांगेत, माझ्यापुढे आमच्याच काळ्यांच्या वस्तीतल्या दोघी बहिणी होत्या.

"ओडेसा, बँकेचा कागद आणलास ना?"

"आणलाय गं ताई. सारखं काय विचारतेस?"

"तोच दाखव. कर्ज मागितलं तर घर नव्वद हजार डॉलरचं, पट्टी लावायची तर दीड लाखाचं. एकच घर!"

"किंमत ठरवायला आलेल्या बँकेच्या गोऱ्या माणसानं भिंतीवर रूफसचा फोटो बघितला आणि त्याचा चेहराच बदलला."

"म्हणून म्हणत होते, नवऱ्याचा फोटो उतरव. थोरलीचं ऐकशील तर शपथ! पुलापलीकडे गोऱ्यांची घरं दुप्पट किमतीची, पट्टी आपल्याएवढीच."

"रूफसनं स्वतःच्या हातांनी बांधलंय ते. आता मीच सांगू, त्याला किंमत नाही म्हणून?"

"नाहीतर पट्टी थकून लिलावात जाईल. मग सांगत बस कुणी बांधलं ते. चल, नंबर आला."

खिडकीतून कारकून म्हणाला, "उजवा हात वर करा, बाई. शपथेवर सांगा, घराची किंमत किती?"

"नव्वद हजार."

"ऐकू आलं नाही."

"मोठ्यानं सांग, ओडेसा. रूफस गेलाय, त्याला ऐकू जायचं नाही."