बाटामचा शेरीफ

नाही, तो फोटो नको — तो सोडून दुसरा कुठलाही घे, जाई. हा बघ, तांजोंग पगारच्या बारमधला, डोक्यावर हॅट, हातात गिटार, मागे बँड — मंडळाच्या स्मरणिकेत हा शोभेल. लिही तू. निशिकांत काका सिंगापूरला दिवसभर सॉफ्टवेअर तपासायचे आणि शुक्रवारी संध्याकाळी कंट्री म्युझिक गायचे — लिहिलंस? पुण्याचा माणूस घोड्यांची आणि ट्रकवाल्यांची गाणी गातो म्हणून लोक आधी हसायचे, मग ऐकत बसायचे. अकरा वर्षं गायलो. मंडळाने गणपतीत एकदाही बोलावलं नाही, त्यांना भावगीतंच हवीत — आणि आता रिटायर झालो तर एकदम मुलाखत. बरं, हे नको लिहूस.

पिक्चर? केला ना, एकच. वेस्टर्न, आणि मी त्यात शेरीफ. शूटिंग बाटामला — इथून बोटीने तासाभरावर, इंडोनेशियात, तिथली लाल माती कॅमेऱ्यात थेट अमेरिका वाटायची. चार खेळ झाले आणि संपलं. पण अगं, चोपन्नाव्या वर्षी कुणीतरी हिरो म्हणून विचारलं — तुझी मेधाकाकू म्हणाली, वेड लागलंय तुम्हाला. लागलंच होतं. घोडा मात्र जागचा हलायचा नाही, तीन तास नुसता वर बसून होतो — तोच हा फोटो. म्हणून नको म्हणतोय. घोड्यामुळे.

काय बघतेस? कोपऱ्यातली तारीख? कॅमेऱ्यातल्या तारखा चुकतात गं — नाही, बरोबर आहे ती. एकोणीस मार्च, दोन हजार अकरा. आजोबांना अग्नी दिला तो दिवस. तू सोळा वर्षांची होतीस, तुला आठवणारच.

आता ऐक, पण लिहू नकोस. तुझ्या बाबांचा फोन आला तेव्हा मी बाटामलाच होतो. श्रीनिवास म्हणाला, दादा ये, आम्ही थांबतो तुझ्यासाठी. डायरेक्टर चांगला माणूस, पेनांगचा — म्हणाला, दोन दिवस जाऊन ये, फक्त मिशी काढू नकोस, अर्धा पिक्चर या मिशीवर झालाय. आता तूच सांग — थोरला मुलगा अग्नी द्यायला उभा राहणार, गुरुजी क्षौर करायला सांगणार, आणि मी चारचौघांत नाही म्हणणार? काढली तर पिक्चर गेला. म्हणून ठरवलं, जायचंच नाही. गेलोच नाही तर काढायला कोण सांगणार — इतका पद्धतशीर विचार केला मी, बाप गेलेला असताना. श्रीनिवासला सांगितलं, माझं री-एंट्री परमिट संपलंय, सिंगापूरबाहेर पाऊल टाकलं तर परत घेणार नाहीत, तूच कर सगळं. फोन ठेवला आणि घोड्यावर बसलो. तेराव्याला, नवं परमिट मिळालं असं सांगून, आलो तो मिशीसकट — शूटिंगचे दोन दिवस अजून बाकी होते ना. तुझे बाबा तुळतुळीत डोक्याने पाहुण्यांना वाढत होते, आणि मी मिशी घेऊन पाटावर बसलेला. आईने काही विचारलं नाही. मला लाज वाटते गं, सात वर्षं रोज दाढी करताना वाटते. शनिवारी श्रीनिवास येतोय मंडळाच्या कार्यक्रमाला. त्याला यातलं एक अक्षर सांगायचं नाहीस तू. माझी शपथ आहे तुला.

काय म्हणालीस? परत सांग.

माहीत आहे? त्याला? — कधीपासून? त्याच दिवशी? ऑफिसात फोन केला होता त्याने, माझ्या परमिटसाठी साहेबांना विनंती करायला — आणि ते म्हणाले, निशिकांत रजेवर आहे, बाटामला गेलाय. आणि तरी त्याने आईला, गुरुजींना, आल्यागेल्या सगळ्यांना परमिटचंच सांगितलं? दर वर्षी श्राद्धाच्या दिवशी फोन करतो तो मला. दादा, तुझ्या नावानेही तिळाचं पाणी सोडलं, म्हणतो. माहीत असून म्हणतो?

नाही, मला काही होत नाहीये. तू नीघ आता. वुडलँड्सहून बुओना व्हिस्टाला पोचायला तुला तास लागेल. नको, काकूला हाक मारू नकोस. जा म्हटलं ना, जाई.