चुकणाऱ्यांसाठी लिहिलेलं

मॅडम : म्हणजे तुझं म्हणणं असं, की तुला हे येत नाही. अगं, परवा वर्गात प्रोग्रामिंगचा याहून अवघड प्रश्न तू बसल्या जागी सोडवलास.

मुलगी : वर्गात जमतं, मॅडम. कॉम्प्युटरसमोर बसलं की गोंधळ होतो.

मॅडम : थापा मारू नकोस. खुर्ची ओढ, बस. ही सिस्टिम ज्याची त्याची कुवत बघून प्रश्न देते. बरोबर आलं की अवघड, चुकलं की सोपा. अख्खा वर्ग शेवटच्या धड्यावर पोचला आणि तू पहिल्याच पायरीवर ठिय्या देऊन बसलीयेस. आज संध्याकाळपर्यंत हलली नाहीस, तर पुढच्या सत्रात मला तुला घेता येणार नाही.

मुलगी : नका घेऊ.

मॅडम : म्हणायला काय जातं? आणि चुकासुद्धा किती नेटक्या गं तुझ्या. न येणारा माणूस तीच चूक पुन्हा पुन्हा करतो. तुझी रोज नवी.

मुलगी : तीच चूक केली तर खाली तीच ओळ येते.

मॅडम : कसली ओळ?

मुलगी : चुकल्यावर येते ती. 'घाई नडली. मोजणी शून्यापासून असते. पाणी पी आणि पुन्हा मोज.' बाबांनी लिहिलेली.

मॅडम : सरांच्या सूचना वाचायला चुकतेस तू?

मुलगी : घरी त्यांचं लिहिलेलं काहीच नाही. फोनवर नुसतं 'पोचलो', 'दार लाव', 'जेवून घे'. इथं बोलतात ते. एके ठिकाणी लिहिलंय, 'थांबायचं कधी ते सांगितलंच नाहीस, मग तो बापडा कॉम्प्युटर गरगर फिरतोय, त्याचा काय दोष?' मला ऐकूच आलं ते.

मॅडम : आम्ही दोघांनी बनवलंय हे. मी त्यांचीच विद्यार्थिनी. मी म्हणायचे, सर, 'उत्तर चुकीचे आहे' एवढं लिहिलं तरी भागेल. ते म्हणायचे, पोरगं का चुकलं ते कळल्याशिवाय मी अक्षर लिहिणार नाही. शेवटच्या आजारपणातही लिहीत बसायचे. आणि मी मागे तगादा, सत्र सुरू व्हायच्या आत हवं म्हणून. तो वेळ तुमचा होता. मला तेव्हा ते सुचलंसुद्धा नाही.

मुलगी : तुमच्यामुळे नाही. मला बोलवायचे ते. पलंगावर लॅपटॉप घेऊन. 'ये गं, जरा चुकून दाखव. मला आता चुकताच येत नाही, पोरं कुठं अडखळतील ते समजत नाही.' मी म्हणायचे, बाबा, मला वेळ नाही. खोटंच. मोबाइल बघत लोळत असायचे.

मॅडम : त्या वयात सगळ्याच मुली तसं म्हणतात.

मुलगी : म्हणत असतील.

मॅडम : सगळ्या ओळी वाचून झाल्या?

मुलगी : काल संपल्या. काल एक चूक केली, तर खाली नुसतं 'उत्तर चुकीचे आहे'. बाबांना ती सुचलीच नव्हती. मी शेजारी बसले असते तर सुचली असती.

(मॅडम आपली खुर्ची तिच्याजवळ सरकवतात.)

मॅडम : उगीच धीर देत नाही मी तुला. गेलेला वेळ गेला, तुझाही आणि माझाही. पण सरांच्या मुलीला पहिल्या पायरीवर सोडून मी घरी जाणार नाही. हा प्रश्न सोडव. नीट.

मुलगी : पुढच्या धड्यांत त्यांचं आहे काही?

मॅडम : नाही. तिथवर ते पोचलेच नाहीत. पुढचं सगळं माझं आहे. कोरडं.

मुलगी : आणि बरोबर आलं की काय येतं?

मॅडम : म्हणजे तू एकदासुद्धा...

मुलगी : नाही.

मॅडम : काही येत नाही. पुढचा प्रश्न येतो. मी विचारलं होतं, सर, 'शाबास' वगैरे टाकूया का? तर म्हणाले, ज्याचं बरोबर आलं त्याला आता माझी काय गरज?

मुलगी : लिहिलं मी. बघा.

मॅडम : बरोबर आहे. दाब बटण.

मुलगी : दाबते, मॅडम. जरा वेळ असू द्या तसंच.