हात मागं, पाय मागं

मी सुरगाण्याकडचा, डोंगरातला. आमच्याकडं भात आन नागली, आन बांधावर रायवळ आंबे, लय उंच झाडं. बाप वर चढायचा, एकेक आंबा तोडून खाली टाकायचा आन मी तो हातात झेलायचो. आता तुम्ही म्हणाल त्यात काय मोठं, पण आंबा आढीत पिकायला घालायचा असतो, एक जरी ठेचलेला गेला का तो सडतो आन बाजूचे पण नासवतो. म्हणून बाप वरून सांगायचा, आंब्याला आडवू नको रं, त्याच्यासंगं जा. म्हणजे आंबा हाताला लागला का हात मागं घ्यायचे, पाय पण मागं, मंग तो हातात अलगद येतो. मला एवढंच येतं. बाकी सगळं त्याच्यावरच झालं.

आश्रमशाळेत सरांनी फुटबॉल आणला, मी पळण्यात कच्चा म्हणून गोलात उभा केला, तर बॉल हातातून सुटंचना. सर म्हणले, तू इथंच राहा. मंग नाशिकला आलो, मामा गंगापूर रोडला एका सोसायटीत वॉचमन, त्याच्या खोलीवर राह्यलो, खेळलो, आन पुढं मुंबईच्या एका क्लबानं करारावर घेतलं. आई म्हणली, बॉल आडवायची पण नोकरी असती का? असती म्हणलं.

पण कीपरचं कसं हाय, बाकीचे बदलतात, कीपर बदलत नाय. पहिला जायबंदी झाला तरच दुसऱ्याचा नंबर, आन मी दुसरा. काय सांगू तुम्हाला, बाकड्यावर बसून बसून माझे ग्लोव्हज कोरेच राहायचे. त्या पहिल्याला काहीतरी व्हावं असं मनात यायचं, आन मंग मीच त्याला पाण्याची बाटली न्यायचो. शेवटी ऐन मोठ्या मॅचच्या तोंडावर त्याचा खांदा निखळला. कोच म्हणले, आज चांगला खेळलास तर पुढचा करार पहिला कीपर म्हणून, नायतर तुझा तू मोकळा.

चांगलाच खेळलो, एक बॉल आत जाऊ दिला नाय. मॅच संपत आली तव्हा एक बॉल लांबून आला, उंचावरून खाली, अगदी झाडावरून यावा तसा. मी गोलच्या रेघेवर. झेलला, छातीशी घेतला, हात मागं, पाय मागं. पुढचं मला शिट्टीनंच कळलं. पुरा बॉल रेघेच्या आत गेला का गोल, मंग तो तुमच्या हातात का असंना. मी बॉल धरून उभा आन समोरचे नाचायला लागले. करार झाला नाय. रडलो का? रडलो ना, बसमधी. आता काय वाटत नाय, म्हणजे कमी वाटतं.

बापानं गावात मोबाईलवर पाह्यलं व्हतं. फोन करून म्हणला, पण तू तर झेललास, मंग हारले कसे? मी रेघेचं सांगितलं. मंग त्यानं जेवलास का विचारलं.

आता नाशिकातच एका मैदानावर पोरींना गोलकीपिंग शिकवतो. पहिल्या दिवशी पायानं रेघ दाखवतो, हिच्यापुढं उभं राहा म्हणतो. बरं चाललंय. वैशाखात गावी जातो. बापाच्यानं आता चढवत नाय, भाऊ चढतो, मी खाली, बाप सावलीला खाटेवर. औंदा पहिला आंबा आला आन माझा पाय मागं जाता जाता आपसूक थांबला, आंबा हातावर आपटला. बापानं पाह्यलं. म्हणला, जा मागं, बिनघोर जा. इथं रेघ नाय.