कालव्याकडची भिंत

—नाही नाही, त्या पेटीवर नको बसूस, कोपऱ्याच्या निशाणांचे बांबू आहेत तिच्यात, टोचतील. ह्या खुर्चीवर बस, पोरी. मेव्हिसची खुर्ची ही, माझ्या बायकोची. बस गं, आता कोणी बसत नाही तिच्यात. तर त्या सोमवारचं सांगत होतो. साधाच सोमवार, मी गोलच्या जाळीतली भोकं शिवत बसलेलो, आणि आमच्या क्लबचा अध्यक्ष बार्नी क्रॅग्ज चिखलातून धावत आला — साठीचा माणूस, धावत! म्हणतो, "डेन्झिल, म्हाताऱ्या, सुई ठेव! फुटबॉल कपाच्या चिठ्ठ्या निघाल्या, कोण कोणाशी खेळणार त्याच्या. वरच्या लीगमधला, पगारी खेळाडूंचा संघ येतोय. इथे. आपल्या मैदानावर!" सगळ्या थॉरबेक गावात घंटा वाजवायच्या तेवढ्या राहिल्या. आणि मी? मी कालव्याकडच्या गोलमागच्या भिंतीकडे बघितलं.

तू क्लबचा इतिहास लिहायला आलीस, तर भिंतीपासूनच लिही. दोरखंडाच्या कारखान्यातल्या लोकांनी क्लब काढला, अठराशे त्र्याण्णवला. पहिल्या महायुद्धात संघातले सहा जण गेले. मग कारखान्याची जुनी चिमणी पाडली, तिच्या विटांनी कामगारांनी ही भिंत बांधली, रविवारी रविवारी, फुकट. सहा विटांवर सहा नावं खिळ्यानं कोरलीत. सातवी वीट मी कोरली, तीन वर्षांपूर्वी. मेव्हिसची. चाळीस वर्षं इथली चहाची टपरी चालवली तिनं, तिचं नाव नको? तेव्हा कोरताना दिसली मला ती भेग. केसाएवढी होती — म्हणजे, बोट जाईल एवढी. बरं, दोन बोटं.

कोणाला सांगितलं? सांगतो ना. मैदानाच्या तपासणीला माणूस आला होता शहरातून, गेल्या आठवड्यात, कागद घेऊन. फार सभ्य. "मिस्टर अर्नशॉ, कालव्याकडे किती उभे राहतील?" म्हटलं, दोनशे, पाहुण्यांचे. "आणि गावाकडे?" म्हटलं, नऊशे, आपले. त्यानं लिहून घेतलं. भेगेसमोर भाड्याचे फलक लावले होते मी, जाहिरातींचे. तो मोठ्या मैदानांवरचा माणूस, तिथे ज्याला जिथे उभं केलं तिथेच तो शेवटपर्यंत. आमच्याकडे कसं असतं, त्याला काय ठाऊक? तुला तरी ठाऊक आहे का? आमच्याकडे आपला संघ ज्या गोलवर चाल करतो, त्या गोलमागे आपण. मध्यंतर झालं की सगळं गाव चहाचा पेला हातात घेऊन मैदानाला वळसा घालून पलीकडे. माझा बाप असाच जायचा. नाणेफेक कोणीही जिंको — एकदा तरी, पहिल्या अर्ध्यात नाहीतर दुसऱ्यात, नऊशे माणसं त्या भिंतीला टेकणार. गोल झाला तर टेकणार नाहीत, आदळतील.

मी हे त्याला सांगितलं नाही. विसरलो. — नाही, विसरलो नाही.

अगं, सांगितलं असतं तर सामना त्यांच्या मैदानावर गेला असता. एकाहत्तर वर्षांनी आलाय असा सामना! बार्नीनं मला आयुष्यात माफ केलं नसतं. आणि भिंत पाडली असती. यंत्र आणतात आणि एका सकाळीत पाडतात, विटा कुठे नेतात कोणी विचारत नाही. सात विटा कोण वेचत बसणार? तूच सांग.

मी हातावर हात ठेवून बसलो नाही हं. भेगेवर काचेची पट्टी चिकटवली मी, चुन्यानं. माझा सासरा गवंडी, त्यानं शिकवलं — भिंत हलली तर काच तडकते. महिनाभर रोज बघत होतो. शाबूत. काल संध्याकाळीही शाबूत. आज सकाळी...

ते दार लोटून घे गं, थंडी येतेय. नोव्हेंबर आहे.

तू लिहितेयस काय? हे नको लिहूस. विटांचं लिही, चिमणीचं लिही. ऐकतेस ना, सामन्याला आलेल्यांची फाटकाशी गाणी सुरू झाली — एक वाजला वाटतं. बार्नी मघाशी येऊन गेला, म्हणतो, "काय डेन्झिल, चेहरा का असा? आपण हरलोच नाही अजून!" हसलो मी. म्हटलं, दोर बांधून ती बाजू बंद करावी का, बार्नी? तर म्हणतो, "वेडा की काय? लोक तुलाच बांधतील!" तेही खरंच. मेव्हिस असती तर तिनंच बांधला असता, कोणाला न विचारता, आणि वर चहाही दिला असता.

अशी बघू नकोस माझ्याकडे. जा आता. जा म्हटलं ना, पोरी, आणि गावाकडच्याच बाजूला उभी राहा, मध्यंतरानंतरही. कोणी ओढलं तरी जाऊ नकोस.

दोर हा बघ, सकाळपासून माझ्या मांडीवर आहे. बांधलेला नाही.