न झालेला सामना

ब्रॉन्क्सच्या स्टेडियममध्ये हॉटडॉगच्या रांगेत माझ्यापुढे दोन म्हातारे हुज्जत घालत होते. हर्शेल एकोणीसशे सत्तावीस सालच्या यांकी बेसबॉल संघाच्या बाजूने, ओटिस त्याच क्लबच्या एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या संघाच्या.

"तुझे सत्तावीसवाले आमच्यापुढे टिकायचे नाहीत, हर्शेल."

"अरे जा! आमचे फटके नदीपार जातील."

"आमचा पिचर चेंडू टाकताना बॅट लागू देईल तर ना! शेवटचा डाव, दोघे बाद, तिसरा गेला की संपलं, आणि तुमचा अजून एकही फटका नाही!"

"बोललास?"

"काय?"

"एकही फटका नाही, असं चालू सामन्यात कुणी तोंडाने बोलतं का! लागली दृष्ट. आता पुढच्याच चेंडूपासून आमची आतषबाजी."

"अरे, पण सामना मनातला आहे!"

"म्हणून काय झालं?"

रांगेतल्या माझ्या मागच्या बाई हळहळल्या, "अहो, कशाला बोललात?"

ओटिसने टोपी काढून कपाळावर हात मारला.

"हात्तिच्या! जिंकत आलो होतो रे!"