वाघ दाराशी आणि कॉम्प्युटर बंद

अहो, आमचा कॉम्प्युटर तासाभरात तीनदा तरी बंद पडतोच. इथल्या कोठी बाजारातल्या दुरुस्तीवाल्यानं हात टेकले, म्हणाला, "अम्मा, अब इसकू आराम करने देओ." पण मी मलकपेठेत घरी बसून, शहराच्या दुसऱ्या टोकाला कुकटपल्लीत राहणाऱ्या चार मुलांना दर रविवारी त्याच्यावरच मराठी शिकवते. मुलं बोलतात छान, पण वाचायला सांगितलं की सगळी गप्प. मुलांपुढे पुस्तक असूनही शेवटी मीच वाचून दाखवते.

परवा गोष्ट ऐन रंगात आली, वाघ झोपडीच्या दाराशी पोचला आणि स्क्रीन काळी! मी आता चिडत नाही हो. बटण दाबलं आणि चहा टाकला. पंधरा मिनिटांनी परत जोडली गेले, तर मुलांचे आवाज येत होते. वाघाचं पुढे काय झालं ते कळेना, म्हणून दहा वर्षांची सान्वी अक्षरं जुळवत वाचत होती. ती अडली की बाकीचे तिला सांगत होते.

मला पाहताच ती म्हणाली, "आजी, तुम्ही आत्ताच नका ना येऊ, एकच पान राहिलंय!"

मी गुपचूप माइक बंद केला आणि वाघाचं काय झालं ते चहा पीत त्यांच्याकडूनच ऐकलं.