कूलरच्या हवेतलं जपानी झाड

गडचिरोलीच्या स्टँडवर चंद्रपूरच्या गाडीची वाट पाहत बसलेल्या सत्यशीलाचे कान शेजारच्या बाकाकडे लागले होते. तिथं धनराजभाऊ मांडीवर कुंडी घेऊन बसले होते आणि पायाशी टोपली ठेवलेली धानोऱ्याची बुधरीबाई त्यांच्याकडे टक लावून पाहत होती.

"भाऊ, लेकरावानी काय धरून बसले?"

"जपानी फळझाड आहे, बाई. पर्सिमन. तीन वर्षं पॉलीहाऊसमधी वाढवलं. आज चंद्रपूरच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस आपलंच."

"पॉलीहाऊस काऊन?"

"त्याले आपली हवा सोसत नाई. उन्हाळ्यात घरचा कूलर तिथी लावला."

"अन् बायको?"

"ते माहेरी गेली."

"भाऊ, हे तर टेंभुर्णी होय. हिच्याच पानाच्या बिड्या वळतेत. आमच्या जंगलात अस्वल खाते हिची फळं."

"अस्वलाले जपानी काय समजते?"

"मीबी प्रदर्शनातच चालली. बचतगटाच्या स्टॉलवर हेच फळं, टेंभरं, इकाले."

धनराजभाऊंनी तिच्या टोपलीकडे पाहिलं.

"बाई, तुमची टोपली जराशी झाकून ठेवान का?"

"ठेवतो ना. बक्षीस देणार कोण?"

"फॉरेस्टचे साहेब."

"मंग मी टोपली झाकतो, तुम्ही साहेबाचे डोळे झाकजा."